यशस्वी ड्रायव्हर म्हणायचं कुणाला?

मंडळी, हा विषय मीच मागून घेतला. इथं समोर बसलेले निम्मे लोक शिरवळ-खंडाळ्याच्या ट्रान्सपोर्ट लाइनमधले आहेत, त्यामुळे बिल्टी म्हणजे काय, खर्ची म्हणजे काय हे सांगत बसत नाही. आणि जे लाइनमधले नाहीत त्यांनी शेजारच्याला विचारा, तो सांगेल, आणि एकदा सुरू झाला की माझं व्याख्यान ऐकू देणार नाही.

आपल्याकडं यशाचा जिना ठरलेला आहे. क्लीनर म्हणून लागायचं, उस्तादच्या हाताखाली शिकायचं, स्टेअरिंग मिळालं की चार-पाच वर्षं घासायची, मग फायनान्सवर स्वतःची गाडी, मग दुसरी. मालक झाला तो यशस्वी. मग जो आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवून, अंगावर एक केस न घेता, पोरांना शिकवून घरी बसला तो कोण? त्याचा सत्कार करताना कुणी पाहिलाय का? मला हे पटत नाही, कधीच पटलं नाही.

माझे उस्ताद मिरजेकडचे होते. घाट उतरायच्या आधी गाडी बाजूला लावायचे म्हणजे लावायचे, माल कितीही घाईचा असू दे. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन खाली उतरायचे आणि एकेका टायरवर ठोका. हवा नीट असली की ठणका येतो, जोडीतला आतला टायर बसला असला की आवाज भद्द येतो, आणि हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही कारण बाहेरच्या टायरनं वजन उचलून धरलेलं असतं. मग दोन टायरच्या मधी दगड अडकलाय का बघायचे, ब्रेकचे लाइनर गरम झाल्याचा वास येतोय का बघायचे, वर येऊन ब्रेकच्या एअरचा काटा बघायचे आणि मगच खालचा गिअर टाकून गाडी सोडायचे. मागचे हॉर्न मारत शिव्या घालत जायचे. उस्ताद मान वर करून बघायचे पण नाहीत. मालक म्हणायचा, म्हातारा गाडी उशिरा पोचवतो. त्या मालकाच्या हिशोबात ते कधी पहिल्या नंबरात आले नाहीत.

आता कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडचा उतार घ्या. तिथं गाड्या न्यूट्रलवर सोडतात हे सगळ्यांना माहितीय, पेपरात येतं, बोर्ड लावलेत. गिअर काढला की इंजिनाची ओढ गेली, सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापतो, आणि ऐन वेळी पाय पेडलवर असतो पण गाडी धरत नाही. ड्रायव्हरला हे कळत नाही का? चांगलं कळतं. पण बऱ्याच ठिकाणी ट्रिपचं डिझेल ठरवून देतात, वाचलं ते ड्रायव्हरचं, आणि ज्याचा अ‍ॅव्हरेज जास्त तो मालकाचा लाडका. त्याला शाबासकी मिळते तीच मुळी गिअर काढल्याबद्दल.

आता मला ज्याची खरी चीड आहे ते बोलतो, वेळ गेला तरी चालेल. गेटवरची वाट. बघा, २०१७ ला जीएसटी आला, जकात नाके गेले, २०२१ ला फास्टॅग सक्तीचा झाला, टोलची रांग कमी झाली, समृद्धी झाला, ७०१ किलोमीटर, एसी केबिनसुद्धा सक्तीची झाली, ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना. सगळं चांगलं झालं, मी नाव ठेवत नाही. पण रस्त्यावर वाचलेले तास जातात कुठं? कारखान्याच्या गेटबाहेर. एका ठिकाणी, नाव घेत नाही, आम्ही शुक्रवारी दुपारी पोचलो. वॉचमननं लायसन ठेवून घेतलं, टोकन दिलं, आत यायचं नाही म्हणाला. मे महिना. पाण्याचा नळ गेटच्या आत. संडास गेटच्या आत. गाडीच्या सावलीत स्टो पेटवून भात लावला. शनिवारी सांगितलं साहेब नाहीत, रविवारी सुट्टी, गाडी खाली झाली सोमवारी संध्याकाळी, आणि शेवटचं पोतं उतरायच्या आत फोन, हुबळीला सकाळी पोच पाहिजे! तीन दिवस बसवून ठेवलं त्याचा पैसा नाही, आणि बसवून ठेवलेल्या माणसाची झोप झाली असेल असं सगळे धरून चालतात. उन्हात, डासात, टोकनचा नंबर पुकारतील म्हणून एक कान उघडा ठेवून झोप होते का? होल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, मिळालेच तर मालकाला मिळतात. अपघात झाला की पेपरात छापतात, चालकाचा डोळा लागला. तो डोळा गेटवर जागा ठेवला होता, हे कुणी छापत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणताय, बरं, मुद्द्यावर येतो.

मालक अ‍ॅव्हरेज बघतो, मालाची पार्टी टायमिंग बघते, घरचे पैसे बघतात, गाव गाड्या मोजतं. सगळ्यांचं माप आपल्यावर, आपलं माप कुठाय? माझं म्हणणं असं की गाडी थांबवायचा निर्णय ज्याच्या हातात आहे आणि थांबवल्यावर ज्याची नोकरी टिकते, तो यशस्वी ड्रायव्हर. मग गाडी कुणाच्या का नावावर असेना. हप्त्यासाठी दोन रात्री सलग चालवणाऱ्या मालक-ड्रायव्हरपेक्षा माझे उस्ताद मोठे, हे मी कुठंही सांगेन.

हे एकट्याच्या हिमतीवर होत नाही हेही मान्य. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला. त्यात दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांनाच लागू होता, आणि आपल्याकडं एक-दोन गाड्यांचेच मालक जास्त. ओव्हरलोडला २०१९ पासून वीस हजार दंड, वर टनाला दोन हजार, पण वजनकाट्यावर पकडला जातो कोण? म्हणून ज्याच्या हाताला चांगलं काम आहे त्यानं आधी नाही म्हणायला सुरुवात करावी, कारण त्याला काढायला मालक दहा वेळा विचार करतो. नव्या पोराला ते परवडत नाही. जुन्यांनी म्हटलं तर त्यालाही उद्या म्हणता येईल.

आणि इथं बसलेल्या मालकांना एकच मागणं, डिझेलच्या बक्षिसाच्या जागी विनाअपघात वर्षाचं बक्षीस सुरू करा. ड्रायव्हर मंडळींनी उद्यापासून एक करायचं, गेटवर पोचलात की बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, मागं पोचल्याची तारीख-वेळ लिहून वॉचमनची सही घ्यायची, नाही दिली तर गेटचा बोर्ड दिसेल असा मोबाइलवर फोटो काढून मालकाला तिथल्या तिथं पाठवायचा. होल्टिंगचं भांडण त्याशिवाय उभंच राहत नाही. बाकी प्रश्न असतील तर खाली चहाला बोलू.