टाचा जमिनीवर आहेत ना?

(नाशिकमध्ये अंगणवाडी सेविका आणि बालवाडीच्या ताईंपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मैत्रिणींनो, गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पाणी आलं की आपण नाशिककर एकच विचारतो, "मारुतीच्या कुठवर आलंय?" नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला, एवढ्यावरून सराफ बाजारातल्या माणसाला कळतं की दुकानातला माल आता वर चढवायला हवा. मीटर नाही, फूट नाही. माप असं शरीराला धरून येतं, आणि तीन-चार वर्षांच्या मुलालाही ते तिथूनच द्यायला हवं.

आपण मात्र तक्त्यापासून सुरुवात करतो. उंच झाड, ठेंगणं झाड. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच केलं. मुलं घडाघडा उत्तरं द्यायची आणि मला वाटायचं, आलं यांना.

मग एक दिवस दोन मुलं पाठीला पाठ लावून उभी राहिली. त्यातल्या एकाने हळूच टाचा उचलल्या. "हाच उंच, हाच उंच!" सगळा वर्ग ओरडला. मी "टाचा खाली" म्हणणार, तेवढ्यात एक मुलगी फरशीवर पोट टेकून आडवी झाली, दोघांच्या पायांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, याचे पाय खोटे आहेत."

बाकी सगळ्यांची नजर डोक्यांवर होती. मोजायला सुरुवात कुठून करायची, हे तिला त्या क्षणी उमगलं होतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हेच काड्यांवर दाखवलं. सारख्या लांबीच्या दोन काड्या शेजारी ठेवल्या की लहान मूल "सारख्या" म्हणतं. त्यातली एक त्याच्या डोळ्यांदेखत जराशी पुढे सरकवली की तीच त्याला लांब वाटायला लागते. यात मुलाचा हट्ट नसतो. त्याचं लक्ष पुढे आलेल्या टोकावर असतं, मागे सुटलेल्या जागेवर जात नाही. म्हणून "चूक" म्हणू नका, "कसं कळलं तुला?" एवढंच विचारा. आणि मग थांबा. हे थांबणं आपल्याला फार जड जातं.

आपल्या भाषेचीही एक अडचण आहे. 'मोठा' हा शब्द आपण वयालाही वापरतो आणि आकारालाही. घरात ताई मोठी, पण धाकटा दादा तिच्यापेक्षा उंच. मग मोठं कोण? मूल गोंधळतं आणि आपण त्याला कच्चं ठरवतो. 'बारीक'चंही तसंच. दोरा बारीक, खडी बारीक आणि "आमचं बारकं पोरगं"ही. तेव्हा सुरुवातीपासून नेमका शब्द द्या. माणूस उंच-ठेंगणा, दोरी लांब-आखूड, पुस्तक जाड-पातळ, रस्ता रुंद-अरुंद. पण हे शब्द घोकून घेऊ नका. दोरी मुलाच्या हातात असताना 'आखूड' म्हणा.

साधनांसाठी पैसे नाहीत, असं तुम्ही म्हणाल. माँटेसोरींचा गुलाबी मनोरा म्हणजे 1 सेंटिमीटरपासून 10 सेंटिमीटरपर्यंतचे दहा ठोकळे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी बिया, पानं, खडे घेतले. आपल्याकडे तर भांडी बाजार आहे! फुलपात्र, गडू, तांब्या, कळशी ओळीने मांडायला सांगा. नाहीतर टोपलीभर कांदे आणा. निफाड-लासलगावकडच्या मुलाला गोल्टी, म्हणजे लहान कांदा, कुठली, हे आपल्याआधी कळतं.

दोन वस्तूंमध्ये लहान-मोठं पटकन जमतं. अडतं ते तिसरीपाशी. मधला कांदा गोल्टीपेक्षा मोठा आणि त्याच वेळी दुसऱ्यापेक्षा लहान. एकच वस्तू एकाच वेळी दोन्ही कशी, हे चार वर्षांच्या डोक्याला अवघड असतं. त्यावर मुलं भांडतात. भांडू द्या.

आता एक कळकळीची विनंती. अंगणवाडीत आपण उंची घेतो, दोन वर्षांखालच्या बाळाची झोपवून, मोठ्यांची उभं करून. तो आकडा नोंदीसाठी असतो. वर्गात मोठ्याने वाचून "तू सगळ्यांत बुटकी" असं कुणालाही म्हणू नका. तो शब्द मूल घरी घेऊन जातं आणि पुढे फार वर्षं बाळगतं. मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होऊ द्या.

आम्ही जूनमध्ये प्रत्येकाच्या उंचीएवढी सुतळी कापतो, नावाची चिठ्ठी लावून खुंटीला टांगतो आणि मार्चमध्ये काढतो. एका वर्षी एक मुलगा आपली सुतळी डोक्याला लावून रडकुंडीला आला. "ताई, माझी सुतळी आखूड झाली. कुणीतरी कापली." मी समजावत बसले नाही. जूनमध्ये आम्ही ती कपाटाला लावून पाहिली होती, तेव्हा बरोबर तिसऱ्या फळीपर्यंत आली होती. पुन्हा लावली. तिसऱ्या फळीपर्यंतच आली. तो कपाटाला पाठ लावून उभा राहिला, आपल्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात तसाच धरून वळून फळीकडे बघत राहिला.