गवताखालची गच्ची

(दृश्य: छतावरच्या हिरवळीचा एक चौकोन कापून उचलला जातो.)

हिरवळ उचलली, की जुन्या गच्चीचं दुखणं दिसतं. डांबराच्या थराला जिथे जोड आहे, नेमकी तिथेच मुळं शिरली आहेत. पाणी मात्र इथे खाली उतरत नाही. स्लॅबवरून वाट काढत ते भलत्याच खोलीच्या छताला ओल आणतं. ओल दिसली म्हणून तिच्या डोक्यावर खणाल, तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही.

सपाट छतावर बाग ही आधुनिक वास्तुकलेची लाडकी कल्पना. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएच्या पाच सूत्रांपैकी हे एक: इमारतीने व्यापलेली जमीन वर परत द्यायची. पॅरिसजवळची त्याची व्हिला साव्होआ 1931 मध्ये पुरी झाली, आणि तिथे राहणारं कुटुंब पुढे वर्षानुवर्षं गळतीच्या तक्रारी करत राहिलं. बाग सुचली होती, पण वॉटरप्रूफिंग अजून तेवढं पक्कं व्हायचं होतं.

(दृश्य: छताचा छेद, एकेक थर.)

छतावर गवत लावलं की वीज वाचते, असं सरसकट सांगतात. ते अर्धंच खरं. उन्हाळ्यात पानं आणि माती ऊन अडवतात, मातीतल्या पाण्याची वाफ होताना गारवा येतो. हिवाळ्यात मात्र भिजलेल्या मातीतून ऊब सहज निसटते. ती अडवायची तर खाली इन्सुलेशनचा थर हवा, आणि आधुनिक शैलीच्या या जुन्या इमारतींत तो अगदी पातळ असतो, नाहीतर नसतोच.

मग जाड थर घाला, झालं? इथेच भांडण सुरू होतं. या इमारतींचं सगळं रूप छताच्या बारीक, सरळ कडेत असतं. वर 15-20 सेंटिमीटरची भर पडली की कठडा बुटका होतो, गच्चीचं दार अडतं, आणि रस्त्यावरून इमारत टोपी घातल्यासारखी दिसते. म्हणून कडेला थर पातळ ठेवून आत जाड करत नेतात. जागाच नसेल तर निर्वात पॅनेल बसवतात, म्हणजे आतली हवा काढून घेतलेली, पातळ असूनही ऊब अडवणारी. ती महाग असतात, आणि एक खिळा घुसला की गेली कामातून.

तरी एवढा आटापिटा छतासाठीच का? इंग्लंडमधल्या इप्सविचची विलिस बिल्डिंग बघा. वास्तुकार नॉर्मन फॉस्टरची, 1975 ची; वर हिरवळ, भोवती काळसर काचेची सलग भिंत. 1991 पासून तिला ग्रेड वनचं, म्हणजे वारसा इमारतींसाठीचं सर्वांत वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. काचा वरून टांगलेल्या, चौकटी नाहीतच. तिथे ऊब अडवायला दुहेरी काच बसवायला जाल, तर इमारतीचा चेहराच बदलेल. छतावर मात्र हिरवळीखाली बरंच काही लपवता येतं.

(दृश्य: पाण्याने भरलेली गच्ची.)

नवा थर अंथरून झाला. निचऱ्याची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी कोंडलंय, 48 तासांसाठी. खाली एक जण बॅटरीच्या उजेडात छत न्याहाळत फिरतोय. माती अजून पोत्यांतच आहे.