हर्नियाच्या ऑपरेशननंतर पोटात कळा आल्या तर

श्रोतेहो, नमस्कार.

दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन ही आता पुण्यात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मार्केट यार्डातले हमाल असोत की बँकेतून निवृत्त झालेले आजोबा, बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात. मी स्वतः ही ऑपरेशनं करतो आणि हर्निया अंगावर काढू नका, असंच प्रत्येकाला सांगतो. आज मात्र बोलणार आहे ते ऑपरेशननंतर क्वचितच होणाऱ्या एका त्रासाबद्दल: आतल्या शिवणीच्या धाग्यात आतडं अडकून त्याची वाट बंद होणं. क्वचितच होतो, म्हणूनच तो पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

जांघेतल्या हर्नियासाठी दुर्बिणीच्या दोन पद्धती आहेत. त्यातल्या ‘टॅप’ या पद्धतीत आम्ही पोटात शिरतो, पोटाचं आतलं पातळ अस्तर उघडतो, त्यामागे जाळी बसवतो आणि अस्तर पुन्हा शिवून टाकतो. हे शिवणं महत्त्वाचं, कारण जाळी उघडी राहिली तर आतडं तिला चिकटतं. शिवणीत फट राहिली, तर त्या फटीतूनही आतडं आत घुसू शकतं.

पोटाच्या आत, लांब दांड्याच्या अवजारांनी गाठ मारणं किचकट काम आहे. म्हणून बरेच सर्जन काटेरी धागा वापरतात. त्याला अंगभर बारीक काटे असतात. कुसळ जसं कापडात पुढे सरकतं पण मागे येत नाही, तसाच हा धागा. गाठीची गरजच नाही. याचं पेटंट अमेरिकेत १९६४ साली निघालं, पण ऑपरेशन थिएटरमध्ये तो रुळला या शतकात. धागा चांगलाच आहे, मीही वापरतो. अडचण येते ती त्याच्या शेपटाची.

शिवण संपली की टोक कापायचं असतं. ते अर्धा-एक सेंटिमीटर जरी पोटात लोंबत राहिलं, तरी काटे तिथेही असतातच. लहान आतडं सतत हलत असतं. त्याचं वेटोळं किंवा त्याला रक्त पुरवणारा पडदा त्या टोकात अडकतो. मग वेटोळं त्या जागेभोवती वाकतं, कधी पिळा पडतो आणि वाट बंद होते. धागा विरघळणारा असला तरी विरघळायला काही महिने लागतात, त्यामुळे तो आपोआप सुटेल म्हणून थांबता येत नाही. म्हणून टोक शिवणीलगत कापणं, शेवटचे एक-दोन टाके उलटे घेऊन ते अस्तराखाली दडवणं, या दोन मिनिटांच्या कामात घाई चालत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्या घरातलं बोलू. ऑपरेशननंतर जखम दुखते, खांदा दुखतो, थोडं पोट फुगतं, शौचाला एखादा दिवस उशीर होतो. हे सगळं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. पण माणूस जेवायला लागलेला असताना चौथ्या-पाचव्या दिवशी, किंवा दोन-तीन आठवड्यांनी, बेंबीभोवती कळा येऊ लागल्या, थांबून थांबून येत राहिल्या, उलट्या झाल्या, त्यांना हिरवट रंग आला, पोट ताठरलं, वारा सरेना, तर तो गॅस समजू नका. ओवा-हिंग, सोडा यांत वेळ घालवू नका. एरंडेल किंवा जुलाबाचं औषध तर मुळीच देऊ नका; वाट बंद असताना मागून जोर लावल्यासारखं होतं. कळ थांबवायचं इंजेक्शन घेऊन झोपवूनही ठेवू नका. दुखणं झाकलं जातं आणि आतडं मात्र काळं पडत जातं.

सीटी स्कॅनवर आतडं कुठे अडकलंय, ते बहुतेक वेळा कळतं. वेळेत पोचलात तर पुन्हा दुर्बीण घालून ते टोक कापलं की आतडं सुटतं, अनेकदा त्यावर काहीच करावं लागत नाही. उशीर झाला, तर आतड्याचा तुकडा काढावा लागतो आणि नव्या जाळीलाही जंतुसंसर्गाचा धोका होतो.

दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना जाळी आणि धागा यांची माहिती लागते. म्हणून डिस्चार्ज घेतानाच ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्या, आणि त्यात कोणता धागा वापरला ते लिहिलंय ना, हे विचारा. त्रास सुरू झाला तर रुग्णाला उपाशी ठेवा, हे कागद सोबत घ्या आणि आधी आपल्या सर्जनला फोन लावा. ते भेटले नाहीत आणि घरी गाडी नसेल, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा.