मेहर, माती आणि देणं

मंडळी, वाचनालयानं मला विषय दिला, 'मुसलमानांचे संस्कार'. जन्मापाशी मी फार थांबणार नाही. बाळाच्या उजव्या कानात अजान, डाव्या कानात इकामत, म्हणजे नमाज उभी राहताना देतात ती हाक. सातव्या दिवशी अकीका, म्हणजे बाळाच्या नावानं कुर्बानी: मुलगा असेल तर दोन बकरे, मुलगी असेल तर एक; ऐपत नसेल तर सक्ती नाही. जावळ काढून त्या केसांच्या भारोभार चांदी गरिबाला देतात. तान्ह्याचे केस ते भरणार किती! पण जगात येऊन आठवडा नाही झाला, तर याच्या नावावर देणं सुरू. मला आज या देण्याबद्दलच बोलायचंय.

पुढे खतना, म्हणजे सुंता. मग बिस्मिल्ला, म्हणजे अक्षरओळख. वय चार वर्षं, चार महिने, चार दिवस. हा आपल्याकडचा रिवाज. कुराणात असं वय सांगितलेलं नाही.

निकाह हा मात्र करार. वकील, म्हणजे कोर्टातला नव्हे, मुलीच्या वतीनं बोलणारा माणूस, दोन साक्षीदार घेऊन आधी मुलीकडे जातो, तिची रजामंदी विचारतो. मग काझी खुतबा, म्हणजे निकाहचं प्रवचन, वाचतात, नवरा 'कबूल' म्हणतो. सिनेमात तीनदा म्हणतात, एकदा म्हटलं तरी पुरतं. खारका वाटल्या की झालं. हळद, मांडव, वरात, डीजे हे सगळं गावानं जोडलेलं. शरियतनं त्यातलं काही मागितलेलं नाही. तिनं मागितला तो मेहर. नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, तीही तिच्या स्वतःच्या हातात. काही लगेच द्यायचा, काही पुढे. आणि आमच्या घरांतून हा 'पुढे' काही येत नाही. हुंडा रोख मोजून घेतात, मेहर कागदावर राहतो. हे मी मशिदीतही बोललो आहे, म्हणून इथं बोलायला संकोच नाही.

मग तो कागद कधी आठवतो? नवरा गेल्यावर. मयत अंगणात, आणि चार बाया तिला म्हणतात, "मेहर माफ कर दे." त्या घडीला कोणती बाई नाही म्हणेल? वास्तविक मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. कफन-दफनाचा खर्च निघाला की आधी कर्ज फेडायचं, त्यात मेहरही आला. वारसांचे हिस्से त्यानंतर.

जनाज्याची नमाज उभ्यानंच होते. तिला रुकू म्हणजे कमरेत वाकणं नाही, सजदा म्हणजे कपाळ टेकणं नाही, नुसत्या चार तकबीर, म्हणजे चारदा 'अल्लाहु अकबर'. कबर दक्षिणोत्तर, तोंड पश्चिमेला, किब्ल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काबेच्या दिशेला. कबरीच्या भिंतीत बाजूला कोनाडा काढणं चांगलं मानतात, पण आपली काळी माती धरत नाही, पावसाळ्यात तर ढासळतेच. म्हणून सरळ खड्डा खणून आत फळ्या टाकतात. खणायला गावातली सगळी पोरं येतात. आपल्याकडे कुणाचीही मयत असो, माणूस 'मातीले जातो' असंच म्हणतो.

नमाजेआधी थोरला मुलगा पुढे येऊन सांगतो, बापाकडे कुणाचं देणं असेल तर माझ्याकडे या. शहरात हे उर्दूत सांगतात. आमच्या गावात कृषी केंद्रवाला, किराणावाला, बटईनं वावर देणारा, सगळे चपला काढून मागे उभे असतात. म्हणून पोरगा वऱ्हाडीत म्हणतो, "अब्बाकडं कोनाचं काही निंगत असन तं मले सांगा." त्याची माय तेव्हा घरात बसलेली असते. तिच्यापर्यंत हा आवाज जात नाही.