अहिराण्यातल्या दोघी

अध्यक्ष महोदय आणि रसिकहो,

ज्या कादंबरीविषयी आज बोलायचे आहे, तिच्यातल्या मुलखाचे नाव 'अहिराण्य' आहे. अमळनेरच्या या सभागृहात ते नाव उच्चारताच आपल्यापैकी बऱ्याच जणांनी माना वर केल्या. पहिल्यांदा वाचताना माझेही तसेच झाले होते. आपल्या अहिराणीशी त्या नावाचा काही संबंध आहे, असा माझा मुळीच दावा नाही. पण परक्या भाषेतल्या पुस्तकात आपल्या बोलीसारखे वाजणारे, जिंकले गेलेले आणि तरीही आपले जुने देव मनात जपणारे एक राज्य भेटले, म्हणून मी ते अंमळ जास्तच जिव्हाळ्याने वाचले, हे आधीच सांगितलेले बरे.

ब्रिटिश लेखिका ताशा सुरी यांची 'द जॅस्मिन थ्रोन' ही इंग्रजी कादंबरी 2021 मध्ये आली, 2022 मध्ये तिला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला आणि 2024 मध्ये तिसऱ्या भागाने ही मालिका पूर्ण झाली. मी केवळ पहिल्या भागाविषयी बोलणार आहे. अद्भुतरम्य कादंबरी आपल्याला नवी नाही. 1861 मध्ये 'मुक्तामाला' आली तेव्हापासून मराठी वाचकाला राजकन्या, कारस्थाने आणि संकटांतून सुटका यांची गोडी आहे. या कादंबरीतही राजकन्या आहे, बंदिवास आहे, जादू आहे. फरक असा की तिथे राजकन्येच्या आयुष्यात जी येते ती दुसरी एक स्त्री आहे, आणि ती घरातली मोलकरीण आहे.

सम्राट चंद्र आपल्या सख्ख्या बहिणीला, मालिनीला, चितेवर चढण्याची आज्ञा देतो. साम्राज्याच्या मूळकथेत स्त्रियांनी स्वतःला जाळून घेऊन शत्रूवर विजय मिळवलेला असतो, म्हणून जळणे हा तिथे सन्मान मानला जातो. मालिनी नकार देते; तिच्या दोन सख्या मात्र जळतात. आपल्याकडे गावोगावच्या सतीशिळांवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात कोरलेला असतो आणि जाता-येता आपण त्याला नमस्कार करतो. त्या दगडातली बाई 'नाही' म्हणाली असती तर तिचे पुढे काय झाले असते, हा प्रश्न या कादंबरीने मला इतक्या थेटपणे विचारला की नंतर अशा शिळेजवळून जाताना माझा हात पूर्वीसारखा सहज जोडला गेला नाही.

नकाराची शिक्षा म्हणून मालिनीला हिराण नावाच्या जळक्या मंदिरात कोंडतात. तिथे झाडलोट करायला प्रिया येते. ती त्याच मंदिरात वाढलेली, तिथल्या हत्याकांडातून वाचलेली आणि अंगातली शक्ती लपवून जगणारी मुलगी आहे. मालिनीच्या डोळ्यांदेखत ती शक्ती उघडी पडते आणि मालिनी हीच दासी आपल्याला हवी म्हणून मागून घेते. एकीचे गुपित दुसरीच्या हाती आणि दुसरीचा जीव पहिलीच्या हाती, अशा अडचणीत हे प्रेम सुरू होते. मालिनीला दारूतून सुईफूल नावाचे विष थोडेथोडे पाजले जात असते. ते एकदम बंद केले तरी तिचा जीव जाईल आणि चालू ठेवले तरी जाईल, म्हणून प्रिया मात्रा मोजून हळूहळू कमी करत नेते. माझ्या मते संपूर्ण कादंबरीतले सर्वांत उत्कट प्रेमप्रसंग हेच आहेत. कुणाचे तरी औषध घड्याळाकडे बघत मोजलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

याच भागात प्रमिला नावाची स्त्री येते. ती मालिनीची पहारेकरीण, आणि चितेवर जळालेल्या एका सखीची आई. मुलीचे जळणे पवित्र होते असे मानल्याशिवाय तिला जगताच येणार नाही, म्हणून न जळलेल्या मालिनीचा ती मनापासून द्वेष करते. दुष्ट पात्राला इतके खरे कारण देणे फार थोड्यांना साधते.

आता या पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' 1981 मध्ये रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी प्रेक्षकांसमोर उभी करण्याचे ते मोठे धाडस होते, पण त्या नायिकेच्या वाट्याला शेवटी आत्मघातच आला. पुढे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला आणि 2023 मध्ये त्याच न्यायालयाने अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार दिला. म्हणजे कायद्यानेही अर्धेच दार उघडले आहे. अशा वाचकाच्या हाती जेव्हा दोन स्त्रियांचे असे प्रेम येते की ज्यात त्यांना एकमेकींपासून दूर ठेवणारी खरी गोष्ट त्यांचे स्त्री असणे ही नसून एकीला हवे असलेले सिंहासन आणि दुसरीला हवी असलेली आपल्या मुलखाची मुक्तता ही असते, तेव्हा त्याला जो मोकळा श्वास मिळतो त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. आपल्या जिल्ह्यातल्याच एका तरुण मुलीने हे पुस्तक वाचून मला सांगितले, "ताई, दोघींपैकी कुणी मरत तर नाही ना, म्हणून आधी शेवटचं पान बघितलं, मग पहिलं वाचलं."

दोष मात्र आहेत आणि ते लहान नाहीत. लेखिकेला साम्राज्यही दाखवायचे आहे आणि प्रेमही, त्यामुळे निवेदन अनेक पात्रांमध्ये वाटले जाते. भूमिका, ही राज्यपालाची गरोदर पत्नी, त्यात उजळून निघते. पण राव हा राजपुत्र बराच काळ नुसता वाट पाहतो आणि बंडखोर अशोकची प्रकरणे एकच संताप पुन्हा पुन्हा उगाळतात. याची किंमत दोघींच्या प्रेमाला मोजावी लागते. मालिनी सुरुवातीला प्रियाचा उपयोग करून घ्यायचे ठरवते. हिशेब कुठे संपला आणि ओढ कुठे सुरू झाली, हेच वाचकाला पाहायचे असते. नेमक्या त्या वळणावर आपल्याला दुसऱ्याच पात्राच्या छावणीत नेले जाते.

दुसरी उणीव मला अधिक खुपते. नावे संस्कृत, राजपुत्र आपले, फुले आपली. पण जातिव्यवस्था नाही. उच्च कुळे आणि दास आहेत, तरी कोण कुणाच्या हातचे पाणी पिते, हा प्रश्न त्या जगात उठतच नाही. कल्पित जगाला आपले नियम ठरवण्याचा अधिकार आहे, हे मान्य. तरीही ज्या खानदेशात सालदाराच्या पोरीची आणि मालकाच्या पोरीची मैत्री विहिरीच्या काठापर्यंतच जात असे, तिथल्या वाचकाला मोलकरीण आणि राजकन्या यांच्यातले अंतर इतक्या सहज ओलांडले गेलेले पाहून चुकल्यासारखे वाटते.

आपल्या वाचन गटासाठी मी सुईफुलाच्या प्रकरणाचा मराठी खर्डा करते आहे. माणसांच्या अंगातून पाने-फुले उगवणाऱ्या तिथल्या रोगाला इंग्रजीत 'रॉट' म्हणतात. मराठीत तो शब्द तसाच ठेवावा तर आपल्या कानाला कानबाईच्या नैवेद्याचे रोट आठवतात, म्हणून मी 'कूज' लिहिले. पण त्याहून मोठी अडचण वेगळीच निघाली. इंग्रजीत एकच 'यू' असल्यामुळे लेखिकेला जे ठरवावे लागले नाही, ते मराठीत ठरवल्यावाचून एक ओळ पुढे सरकत नाही: प्रिया मालिनीला 'आपण' म्हणायचे कधी थांबवते? मी ते विषाची मात्रा पहिल्यांदा कमी होते त्या रात्री ठेवले आहे. गटातल्या दोघींना ते फार लवकर वाटते. पुढच्या रविवारी खर्डा वाचून दाखवीन, तेव्हा ती ओळ कुठली असावी ते आपण सांगा.