छतावरची वीज आणि कोटेशनचा कागद

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर गेलं की पवनचक्क्यांची रांग लागते. पाटण तालुक्यात वनकुसवड्याला तेच, सांगली जिल्ह्यात ढालगावच्या माळावर तेच. आणि खाली कोयनेचं पाणी १९६० मेगावॉटचा प्रकल्प चालवतं. मग कुणीही विचारणारच, वारा आपल्या डोंगरावरचा, पाणी आपल्या नदीचं, तर घराला फक्त हीच वीज देणारी कंपनी निवडता येते का? मोबाईलचं सिम बदलतो तशी?

घरगुती ग्राहकाला नाही येत. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत घरापर्यंत येणारी तार महावितरणची. दुसऱ्या उत्पादकाकडून हरित वीज घ्यायची मर्यादा केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॉटपर्यंत खाली आणली खरी, पण १०० किलोवॉट म्हणजे एखादा कारखाना नाहीतर मोठं हॉस्पिटल. आपल्या लाईटबिलावर 'मंजूर भार' बघा. एक, दोन, फार तर पाच किलोवॉट असेल.

एक छोटी वाट महावितरणच्याच दारात आहे, हरित वीजदराची. ग्राहकानं मागणी केली की त्याच्या वापराइतकी वीज अक्षय स्रोतातून घेतल्याचं प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यासाठी युनिटमागं थोडी जादा रक्कम द्यावी लागते. वीज नियामक आयोगानं २०२१ मध्ये हा दर पहिल्यांदा मंजूर केला तेव्हा ती ६६ पैसे होती. सध्याचा आकडा उपविभागीय कार्यालयात विचारून घ्या. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला, ज्याच्या डोक्यावरचं छत त्याचं नाही त्याला, ही सोय बरी. पण यानं बिल वाढतं, कमी होत नाही.

छत स्वतःचं असेल तर वीज छतावरच तयार करायची, आणि मग निवडायचा तो सोलर बसवून देणारा वेंडर. आज बोलायचंय ते याच माणसाविषयी, खरं म्हणजे तो देतो त्या कोटेशनच्या कागदाविषयी. कारण पॅनेलवर २५ वर्षांची हमी असते, आणि तो कागद मात्र बरेच जण फक्त खालची रक्कम बघून घडी घालून ठेवतात.

वेंडरला बोलावण्याआधी घरात बसून एक हिशोब करा. लाईटबिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्याची बेरीज करा, बाराने भागा. आपल्या भागात एक किलोवॉट सोलर वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं, म्हणजे महिन्याला १२०. तुमचा सरासरी वापर २३० असेल तर दोन किलोवॉट पुरे. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत थोडं जास्त मिळेल. महाबळेश्वर, पाटण, कोयनेच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टला उत्पादन निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येईल, तेव्हा घाबरायचं नाही. आणि कडक ऊन म्हणजे जास्त वीज असंही नसतं बरं का. पॅनेल तापलं की त्याची ताकद घटते, म्हणून मेच्या भट्टीपेक्षा फेब्रुवारी-मार्चचं ऊन त्याला जास्त मानवतं.

इथं वेंडरचा पहिला आग्रह सुरू होतो: "तीन किलोवॉटच घ्या, अनुदान पूर्ण मिळतं." केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या सोलरला अनुदान मिळतं: पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॉट आणि पुढं कितीही घेतलं तरी ७८,०००. पण महिन्याला ११० युनिट जाळणाऱ्या घरानं ७८,००० मिळतात म्हणून तीन किलोवॉट बसवणं म्हणजे सवलत आहे म्हणून दोन माणसांना वीस लिटरचा कुकर घेणं. घरात न लागलेली वीज महावितरणच्या लाईनमध्ये जाते. असे जादा युनिट महिन्यागणिक पुढं ओढले जातात, पण ३१ मार्चला त्यांचा हिशोब मिटतो आणि शिल्लक युनिटला मिळणारा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. एप्रिल-मेमध्ये साठलेले युनिट पावसाळ्यात कामी येतात. जानेवारी ते मार्चमध्ये साठलेले स्वस्तात जातात. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असेल, तर राज्य शासनानं २०२५ मध्ये आणलेल्या स्मार्ट योजनेची चौकशी आधी करा, एक किलोवॉटसाठी केंद्राच्या अनुदानावर राज्याचीही भर आहे.

दुसरी गोष्ट, बिलावर नाव कुणाचं आहे? आपल्याकडं निम्मी मीटरं आजोबांच्या नावावर असतात आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात. अर्ज बिलावरच्या ग्राहकाच्या नावानं होतो, अनुदान बँक खात्यात येतं, आणि बिल, आधार, पासबुक यांतली नावं जुळली नाहीत की प्रकरण अडकतं. आधी महावितरणकडं नावबदल करून घ्या, थकबाकी असेल तर भरा, मगच सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर जा. पत्ता आहे पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन. तिथं बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी होते आणि नोंदणीकृत वेंडरची यादी दिसते. यादीत नाव नसलेल्या वेंडरकडून बसवलं तर अनुदान मिळत नाही, मग तो पाहुण्यातला असला तरी. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक व्यवहार्यतेचा अहवाल लागत नाही, त्यामुळं "तुमची फाईल वर पाठवायला खर्च येईल" असं कुणी म्हणालं तर तो खर्च कशाचा, हे लेखी मागा.

आता कोटेशन. किमान तीन वेंडरकडून घ्या आणि तिन्ही कागद शेजारी ठेवून ओळीओळीनं वाचा.

पहिली ओळ पॅनेलची. "तीन किलोवॉट सिस्टिम" एवढंच लिहिलेलं चालत नाही. कंपनी, मॉडेल, एका पॅनेलचे वॉट आणि नग हवेत. ५४० वॉटची सहा पॅनेल म्हणजे ३,२४० वॉट. असं एक पॅनेल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २८ किलोच्या आसपास वजनाचं असतं. चालायला, पुसायला जागा धरली तर तीन किलोवॉटला अडीचशे ते तीनशे चौरस फूट मोकळी, बिनसावलीची जागा लागते. आणि 'डीसीआर' हे शब्द कागदावर असलेच पाहिजेत. म्हणजे पॅनेलही भारतात बनलेलं आणि त्यातला सेलही भारतातच बनलेला. अनुदानाला हीच अट आहे. डीसीआर नसलेलं पॅनेल स्वस्त पडतं, त्यामुळं एखादं कोटेशन वीस-पंचवीस हजारांनी खाली दिसलं तर आधी इथं बोट ठेवा. माल आल्यावर प्रत्येक पॅनेलचा सिरीयल नंबर वहीत उतरवा आणि डीसीआर प्रमाणपत्रावरच्या नंबराशी जुळवा. हे पॅनेल वर चढवायच्या आधी करायचं.

किमतीच्या ओळीत जीएसटी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. साहित्य आणि बसवणी एकत्र दिली की ७० टक्के रकमेवर ५ आणि ३० टक्क्यांवर १८, मिळून ८.९ टक्के पडतात. जुना १३.८ टक्क्यांचा हिशोब अजून छापलेला असेल तर दुरुस्त करून घ्या.

मग स्ट्रक्चर, म्हणजे खालचा सांगाडा. खरी काटकसर इथं होते, आणि ती दिसायला तीन पावसाळे जातात. 'हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड' लिहून घ्या, जस्ताचा थर ८० मायक्रॉन. साध्या लोखंडाला चंदेरी रंग मारून आणतात, तो पहिल्या दिवशी दिसतो अगदी तसाच. चांगला सांगाडा आणला आणि गच्चीवर वेल्डिंग केलं तरी त्या जागेचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच धरतो, म्हणून जोड नट-बोल्टचेच हवेत. खाली कपडे वाळत घालता यावेत म्हणून सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर सगळ्यांना हवं असतं. पाचगणी-कासच्या वाऱ्यात ती पतंगाची कामटी होते. उंच करायचं असेल तर तिरके आधार आणि भक्कम पाया मागा, आणि त्याचे पैसे मोजा. स्लॅबला भोकं पाडणार असतील तर तिथं गळती थांबवण्याची जबाबदारी कुणाची, हेही कागदावर येऊ द्या. कौलांवर बसवू नका. पत्र्यावर बसवता येतं, पण क्लॅम्प खालच्या कैचीला आणि आडव्या पाईपला पकडणारे हवेत, नुसत्या पत्र्याला नाही.

पॅनेलची तोंडं दक्षिणेला, कल १५ ते २० अंश. सावलीसाठी डिसेंबरचा सूर्य डोळ्यासमोर ठेवा. मे महिन्यात वेंडर येतो, सूर्य डोक्यावर असतो, गच्ची लख्ख दिसते. डिसेंबर अखेरीला सकाळी साडेनवाच्या सुमाराला आपल्याकडं सावली वस्तूच्या पावणेदोन पट लांब पडते. जिन्याच्या खोलीवर टाकी ठेवून तिची उंची गच्चीपासून बारा फूट झाली असेल, तर सावली एकवीस फूट जाते, वायव्येकडं. पॅनेल एकामागोमाग एक जोडलेली असतात, त्यामुळं एका पॅनेलवर सावली आली तरी त्याची झळ सगळ्या ओळीला लागते. दक्षिणेच्या शेजाऱ्याच्या गच्चीवर कॉलमच्या सळया वर सोडलेल्या दिसतायत का, तेही बघून ठेवा. तो मजला कधीतरी चढणार आहे.

वायर आणि कनेक्टर म्हणजे कोटेशनमधली सगळ्यात बारीक ओळ. पॅनेलकडून खाली येणारी डीसी केबल सोलरचीच, तांब्याची, ४ चौरस मिलिमीटर. कनेक्टर दोन्ही बाजूंनी एकाच कंपनीचे. एका कंपनीचा नर आणि दुसरीची मादी बसते, बसल्याचा आवाजही येतो, पण आत पकड ढिली राहते, तापते, आणि सोलरला आग लागते ती बऱ्याचदा अशाच जोडापाशी. वाई-महाबळेश्वरकडं वानरांचा त्रास आहे, तिथं केबल पूर्ण पाईपातून न्या, लोंबती ठेवू नका. सहा पॅनेलच्या ओळीत उन्हात तीनशे व्होल्टच्या जवळपास डीसी असतं, आणि घरचा मेन स्विच पाडला तरी ते जात नाही. पोरांना गच्चीवर पाठवण्याआधी हे सांगा.

अर्थिंगचे खड्डे तीन: डीसी, एसी आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकासाठी वेगळा. जत-कवठेमहांकाळकडं खडक वर आलेला असतो, ओलावा राहत नाही, तिथं नुसती सळई ठोकून भागत नाही. रासायनिक अर्थिंग मागा, आणि रोध ५ ओहमच्या आत आहे का, ते समोर मोजून दाखवायला सांगा.

पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलतो तो इन्व्हर्टर. त्याची जागा सांगलीकरांनी नीट ऐका. २००५, २०१९, २०२१, कृष्णेनं तीनदा घरात येऊन दाखवलंय. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. वेंडरला मीटरजवळ तळमजल्यावर इन्व्हर्टर लावणं सोपं पडतं, केबल वाचते. पूररेषेत घर असेल तर तो वरच्या मजल्यावर, सावलीत, हवा खेळेल असा लावून घ्या. जादा केबलचे पैसे द्या.

आणि एक गैरसमज. लाईट गेली की साधा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेला, सोलरही बंद पडतो, भर उन्हात. तो बिघाड नसतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून तो मुद्दाम बंद होतो. लाईट गेल्यावरही हवी असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि बॅटरीला अनुदान नाही. डीपीपासून लांब, लाईनच्या शेवटी असलेल्या वस्तीवर दुपारी दुसरा घोळ होतो: सगळ्यांची सोलर वीज लाईनमध्ये जाते, व्होल्टेज २५३ च्या वर चढतं, इन्व्हर्टर बंद पडतो. वेंडर म्हणतो लाईनचा दोष, लाईनमन म्हणतो सोलरचा. इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा व्होल्टेजचा आकडा, वेळेसह, आठवडाभर फोटो काढून ठेवा आणि १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

पैसे टप्प्यानं. तीन किलोवॉटपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, रेपो दराच्या अर्धा टक्का वर. रोखीनं देणार असाल तर शेवटचा हप्ता नेट मीटर, म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर, बसेपर्यंत हातात ठेवा. पाच वर्षांची देखभाल वेंडरवर बंधनकारक आहे, पण त्यात वर्षातून किती फेऱ्या, तेही लिहून घ्या. धुलाई मात्र आपली आपणच करायची. ऊस गाळप सुरू झालं की कारखान्याच्या आणि गुऱ्हाळाच्या धुराड्यातली काळी काजळी पॅनेलवर बसते, ती आपोआप जात नाही. दर पंधरा दिवसांनी, सूर्य वर यायच्या आत, मऊ फडक्यानं. बोअरचं क्षाराचं पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग धरतात, शेवटचा हात गोड्या पाण्याचा असू द्या.

काम पूर्ण झालं की वेंडर उत्साहानं म्हणेल, "चालू करून टाकू, मीटर येईल मागनं." करू नका. बरीच जुनी मीटरं वीज आत आली की बाहेर गेली, हे ओळखत नाहीत. बाहेर गेलेले युनिटही वापर म्हणून मोजतात, आणि सोलर बसवल्यावर बिल दुप्पट येतं. नेट मीटर बसलं त्या दिवशी जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग, नव्या मीटरवरचं आयात आणि निर्यातीचं पहिलं रीडिंग, आणि सील, या सगळ्यांचा फोटो काढा. पहिल्या दोन बिलांत निर्यातीचा रकाना कोरा किंवा शून्य आला, किंवा 'सरासरी' छापून आलं, तर तो फोटो आणि बिल घेऊन लगेच उपविभागाच्या बिलिंग टेबलावर जा. स्थिर आकार दर महिन्याला येणारच, तेवढा चुकीचा नाही.