दोघींचेही माइक बंद होते

मी डोंबिवलीची, ती गोरेगावची. एक मध्य रेल्वेची, एक पश्चिमेची. आमची गाठ पडली एका मोबाइल गेममधल्या एरँगलच्या नकाशावर, २०२१च्या पावसाळ्यात. तो गोळीबाराचा गेम, बीजीएमआय, नुकताच, २ जुलैला आला होता.

दोघींचेही माइक बंद असायचे. मुलीचा आवाज ऐकला की स्क्वॉडमधली पोरं काय काय बोलतात, ते खेळणाऱ्या मुलींना विचारा. मी तिला मुलगा समजत होते, ती मला.

एका रात्री नकाशावरच्या पोचिंकी गावात मी नॉक झाले, म्हणजे गोळ्या लागून खाली पडले. सरपटत होते, हेल्थ संपत चाललेली. तिने स्मोक टाकला आणि गोळ्या चालू असताना माझ्यापाशी येऊन बसली. रिव्हाइव्ह होईपर्यंत, म्हणजे पडलेला पुन्हा उभा राहीपर्यंत, वाचवणाऱ्याला बंदूक उचलता येत नाही, हललं की सगळं वाया. ती हलली नाही. आभाराचा मेसेज पाठवायच्या घाईत माझं बोट माइकवर पडलं. आमच्या कुकरची शिट्टी आणि आईची हाक, "अगं, गॅस बंद कर!" थेट तिच्या कानात. पलीकडून हसू आलं. बाईचं हसू.

त्यानंतर आम्ही ड्युओच खेळलो, फक्त दोघींची टीम, माइक चालू ठेवून.

२८ जुलै २०२२ला गेम प्ले स्टोअरवरून गेला. फोनमधला चालत होता, तरी धसका बसला. उद्या हाही बंद पडला तर ही मला कुठे सापडणार? त्या रात्री नंबर दिले.

दादरच्या पुलावर आम्ही पहिल्यांदा भेटलो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तिने माझा हात धरला. कुणी वळून पाहिलं नाही. मैत्रिणी असतील, म्हणाले असतील.

त्या शब्दाने आम्हाला खूप सांभाळलं. भाड्याची खोलीही त्यावरच मिळाली. पण १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टाने आमच्या लग्नाला मान्यता नाकारली, तेव्हा मी लोकलमध्ये फोन बघत रडत होते. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं गं?" मला सांगता आलं नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, आमच्यासारख्यांना संयुक्त खातं उघडायला, जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. आम्ही बँकेत गेलो. नॉमिनीच्या अर्जात एक रकाना होता, 'नाते'. माझं पेन तिथे थांबलं. 'मैत्रीण' लिहिणं सोपं होतं.

ती हळूच म्हणाली, "लिही गं. मागे रांग आहे."

मी लिहिलं, 'जोडीदार'.